बुरशी नात्यातली निघाली, हीच पंचाईत

प्रश्न : जीवाणूंवर प्रतिजैविकांची एवढी फौज आहे. बुरशीवर मात्र तीच तीच चार औषधं. असं का?

नात्यामुळे. जीवाणू आपल्यापासून फार दूरचे. त्यांची प्रथिनं बनवणारी यंत्रणाच वेगळ्या घडणीची, त्यामुळे ती बंद पाडली तरी आपल्याला सहसा धक्का लागत नाही. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची. केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, बरीचशी विकरं म्हणजे एन्झाइमं, सगळं आपल्यासारखंच. वेगळं काय, तर तिच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉलऐवजी एर्गोस्टेरॉल असतं आणि भोवती ग्लुकन-कायटिनची भिंत असते. शरीरात खोल शिरलेल्या संसर्गावरची बहुतेक औषधं याच दोन ठिकाणी घाव घालतात.

प्रश्न : म्हणजे जे विकर माणसातही आहे ते लक्ष्य म्हणून बाद, असंच ना?

तसं असतं तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध जन्मालाच आलं नसतं! ते ज्या विकरावर चालतं ते सीवायपी५१ बुरशीत एर्गोस्टेरॉलसाठी राबतं आणि आपल्यात कोलेस्टेरॉलसाठी. त्याच्या गाभ्यात हीम असतो, हिमोग्लोबिनमधल्यासारखाच, लोहाचा अणू धरून बसलेला. औषधातला एक नायट्रोजन त्या लोहाला चिकटला की काम ठप्प. पंचाईत अशी, की हीम बाळगणाऱ्या या घराण्याची माणसात ५७ जनुकं आहेत. त्यातली काही विकरं यकृतात औषधं निकामी करतात, काही स्टेरॉइड संप्रेरकं घडवतात. जुनं केटोकोनाझोल त्यांनाही धरायचं. त्यात यकृताला इजा होण्याचा धोका. २०१३ मध्ये अमेरिकी नियामकाने त्याच्या गोळ्यांच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या.

रचनेचा अभ्यास कामी येतो तो इथे. औषध विकराच्या ज्या खाचेत बसतं तिचा लोहाजवळचा भाग बुरशीत आणि माणसात जवळपास सारखा. लोहापासून दूर, खाचेच्या तोंडाकडे जावं तसतसे फरक दिसायला लागतात. ओटेसेकोनाझोल हे नवं औषध घडवताना हेच हेरलं गेलं. लोहाला धरणारा गट मुद्दाम सैल पकडीचा निवडला, ट्रायझोलऐवजी टेट्राझोल. उरलेली पकड लांब शेपटीवर सोपवली. लोहाशी गळाभेट कुणाचीही जमते, शेपटीचं मात्र बुरशीच्या खाचेशीच नीट जुळतं. २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण फक्त वारंवार होणाऱ्या योनिमार्गाच्या कँडिडा या बुरशीच्या संसर्गासाठी, तेही गर्भधारणेची शक्यता नसलेल्या स्त्रियांना. एवढी हुशारी करून वाट्याला आलं ते एवढंच, हेही सांगायला हवं.

प्रश्न : आता संगणकच प्रथिनाची घडी सांगतो. मग प्रयोगशाळेत रचना काढत बसायचं कशाला?

प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणारी ती संगणकप्रणाली म्हणजे अल्फाफोल्ड. तिला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तिला मिळालेला वाटा रास्तच होता. नव्या आवृत्त्या औषधासकट अंदाज देतात. पण तो अंदाज. भिंतीचं ग्लुकन विणणाऱ्या एफकेएस१ विकराचं उदाहरण घ्या. त्याला रोखणारं कॅस्पोफंजिन २००१ पासून बाजारात आहे. विकराची रचना मात्र दिसली २०२३ मध्ये, यीस्टपासून, नमुना गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. पेशीपटलात रुतलेली प्रथिनं पटलातून सोडवली की विस्कटतात, म्हणून इतका उशीर. आणि दिसलं काय? औषधाला न जुमानणाऱ्या रूपात विकराला बिलगलेल्या मेदरेणूंची मांडणीच बदललेली होती. प्रतिकाराचं कारण शोधताना मी तरी आधी त्या मेदाकडे पाहिलं नसतं.

प्रश्न : गजकर्णावर टर्बिनाफिन महिनाभर घेतलं, फरक नाही. विकर बदललं असेल का?

शक्य आहे. टर्बिनाफिन स्क्वालीन एपॉक्सिडेज या विकराला रोखतं. ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीत त्याच्या ३९३ किंवा ३९७ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदलतं आणि औषधाची पकड सुटते. पण निदान चुकलेलं असणं किंवा मलमात स्टेरॉइड असणं, हीही नेहमीची कारणं. त्वचारोगतज्ज्ञांकडून खरवड तपासून घ्या, मात्रा आपल्या मनाने वाढवू नका.

प्रश्न : तुमची आशा कोणत्या नव्या लक्ष्यावर?

डीएनए-आरएनएचे पिरिमिडीन घटक बनवण्याच्या साखळीतलं डीएचओडीएच हे विकर. तेही माणसात आहे, पण ओलोरोफिम हे औषध मानवी रूपाला जवळजवळ सोडून देतं आणि फुप्फुसात संसर्ग करणाऱ्या बुरशीच्या, म्हणजे अ‍ॅस्परजिलसच्या रूपाला घट्ट धरतं. कँडिडावर ते चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाने मान्यता न देता आणखी माहिती मागितली. तरी मला घोर आहे तो दुसराच. इप्फ्लुफेनोक्विन नावाचं पिकांवरचं बुरशीनाशक याच विकरावर चालतं. अ‍ॅस्परजिलस मातीत आणि कुजक्या पाल्यातही राहते, आणि प्रयोगशाळेत इप्फ्लुफेनोक्विनला सरावलेली अ‍ॅस्परजिलस ओलोरोफिमलाही दाद देईनाशी झाली. शेतातल्या अझोलांनी, म्हणजे फ्लुकोनाझोलच्या कुळातल्या बुरशीनाशकांनी, हेच करून दाखवलं होतं. तेव्हा निदान औषध रुग्णांपर्यंत आधी पोचलं होतं.