डीटीपी ऑफिसच्या नऊ संगणकांवर मुक्त-स्रोत बॅकअप सॉफ्टवेअर हाताने टाकावं की पॅकेज करून?

तुमचं नारायण पेठेत डीटीपीचं ऑफिस, सात संगणक विंडोजचे, दोन उबुंटूचे. प्रत्येकापाशी बसून बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकायचं की एकदाच पॅकेज, म्हणजे सगळं आपोआप बसवणारी एक फाइल, बनवून सगळीकडे चालवायचं, हा प्रश्न. पॅकेज बनवा. नऊ मशीनसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मलाही एकेकाळी वाटायचं.

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मी सहा मशीनवर हाताने बसवून दिलं होतं. टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, ज्याचं मशीन त्याच्याच खात्यावर काम लावलं. त्यातल्या एकाने पुढे लॉगिनचा पासवर्ड बदलला. टास्क मात्र जुनाच पासवर्ड धरून बसला, त्यामुळे रोजचं काम सुरूच होईना, आणि पडद्यावर त्याचा मागमूस नाही. चार महिन्यांनी त्याच मशीनची हार्ड डिस्क बसली तेव्हा कळलं. चूक सर्वस्वी माझी. सॉफ्टवेअर सगळीकडे नीट बसलं होतं, पण वेळापत्रक सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी लागलं होतं. म्हणून पॅकेज म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे. घ्यायच्या आणि वगळायच्या फोल्डरांची यादी, वेळापत्रक, बॅकअप कुठे जायचा तो पत्ता, हे सगळं त्यातच हवं.

सॉफ्टवेअर कुठलं? बोर्ग उत्तम आहे, पण विंडोजवर सरळ चालत नाही, म्हणजे तुमच्या सात मशीनसाठी बाद. डुप्लिकाटी ब्राउझरमध्ये उघडतं, एकट्या माणसाला सोयीचं. पण ते प्रत्येक मशीनवर स्वतःचा डेटाबेस ठेवतं, आणि तो गेला की परत बांधायला वेळ खातं. मी रेस्टिक घेईन. गो भाषेत लिहिलेलं, एकच एक्झी फाइल, सोबत दुसरं काही टाकावं लागत नाही. खिडक्या-बटणं नाहीत, पण पॅकेज करायला तेच बरं.

एक खाचखळगा आधीच सांगतो. उबुंटूवर 'ॲप्ट'ने, म्हणजे प्रोग्राम बसवायच्या तिथल्या नेहमीच्या साधनाने, येणारं रेस्टिक जुनं असू शकतं. २२.०४ मधलं तर जुनंच आहे. रेस्टिकने ०.१४ पासून साठवणीचा नवा प्रकार आणला, त्यात डेटा दाबून ठेवता येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांना तो वाचताच येत नाही. म्हणजे विंडोजवर नव्याने तयार केलेला साठा उबुंटूवाल्याला उघडणार नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरून एकच आवृत्ती घ्या, तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा आकडा) ताडून पाहा आणि तीच नऊही ठिकाणी टाका.

विंडोजसाठी इनो सेटअप वापरा, तो सेटअप फाइल बनवणारा प्रोग्राम आहे. सेटअपने एक्झी आणि यादी प्रोग्राम फाइल्समध्ये टाकायची आणि टास्क 'सिस्टिम' खात्यावर लावायचा, म्हणजे कुणी पासवर्ड बदलला तरी फरक पडत नाही. मात्र सिस्टिम खात्याला तुमचा झेड ड्राइव्ह, म्हणजे तुमच्या लॉगिनला जोडलेलं नेटवर्कवरचं फोल्डर, दिसत नाही! त्यावर उपाय म्हणजे ऑफिसातल्या एखाद्या जुन्या मशीनवर रेस्ट-सर्व्हर, म्हणजे रेस्टिकचा साठा नेटवर्कवरून सांभाळणारा प्रोग्राम, चालवा, तोही 'अपेंड-ओन्ली' (फक्त भर घालता येईल अशा) पद्धतीने. मग एखाद्या मशीनमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तरी तिथून जुन्या प्रती पुसता येत नाहीत. नको झालेल्या प्रती काढायचं काम त्या सर्व्हरवरच बसून करायचं. वेळ दुपारी दीडची ठेवा, कारण संध्याकाळी सगळे मशीन बंद करून जातात. पुण्याच्या एक ते चारवर लोक काय हसायचं ते हसोत, बॅकअपला ती वेळ झकास. वेळ हुकली तर मशीन सुरू होताच काम चालावं, ही खूण टास्कमध्ये करायला विसरू नका. रेस्टिकमधला स्नॅपशॉटचा (त्या क्षणीच्या डिस्कची प्रत धरून बॅकअप घेण्याचा) पर्यायही चालू ठेवा, नाहीतर उघड्या असलेल्या फाइल्स सुटतात.

तुमच्या सेटअपवर डिजिटल सही नसल्याने विंडोज निळी चौकट दाखवून घाबरवू शकेल. आपणच बनवलंय, पुढे जा.

उबुंटूसाठी छोटं डेब (तिथल्या पद्धतीचं) पॅकेज पुरे. आत सिस्टिमडीचा टायमर, म्हणजे टास्क शेड्युलरचा उबुंटूतला भाऊ, त्यात हुकलेलं काम नंतर चालवणारं 'पर्सिस्टंट' चालू. यादीची फाइल 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरात ठेवून कॉन्फफाइल (सेटिंग्जची फाइल) म्हणून नोंदवा, म्हणजे पुढच्या अपडेटला तुमचे बदल पुसले जाणार नाहीत.

रेस्टिकच्या साठ्याचा पासवर्ड पॅकेजमध्ये घालू नका. सेटअप उकलून कुणीही तो काढू शकतो. तो प्रत्येक मशीनवर एकदा हाताने टाका, फाइल फक्त सिस्टिम आणि ॲडमिनला वाचता येईल अशी ठेवा. आणि कागदावर लिहून दोन पाकिटांत, दोन घरी. तो हरवला तर रेस्टिक बनवणारेसुद्धा काही करू शकत नाहीत.

आता खास तुमच्या धंद्याचं. जुन्या कामाचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मराठी फॉन्टमध्ये वाचता येईल अशा रूपात, नसणार. नुसत्या पानांच्या फाइल्स परत आणल्या आणि फॉन्ट नसला, तर अख्खा दिवाळी अंक इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून विंडोजचं फॉन्ट फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायच्या यादीत घाला. विंडोज १० पासून माणसागणिक वेगळेही फॉन्ट टाकता येतात, ते ॲपडेटा या त्या माणसाच्या खात्यातल्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात. 'ॲपडेटा म्हणजे कचरा' असं समजून लोक ते आख्खं वगळतात आणि नेमके तेच फॉन्ट जातात.

दर आठवड्याला एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन मालकांच्या घरी जाऊ द्या. नदीकाठच्या पेठेत राहून १९६१चा पानशेतचा पूर विसरायचा नसतो.

पहिल्या मशीनवर सेटअप चालवलंत की लगेच बाकीच्या आठांकडे धावू नका. बॅकअपमधून एखाद्या जुन्या अंकाचं पान आणि त्याचे फॉन्ट काढा, ज्या मशीनवर ते फॉन्ट कधीच नव्हते तिथे टाका आणि पान उघडा. जोडाक्षरं जागच्या जागी दिसली, तर दुसऱ्या मशीनकडे वळा.