आधी एकच खोली करा

बाहुलीघरासारखा चिमुकला वाडा बनवायचाय? सगळा एकदम करायला घेऊ नका. आधी एक स्वयंपाकघर घ्या आणि 1:12 प्रमाण धरा: खरा एक फूट म्हणजे तुमचा एक इंच. 10 फुटी भिंत 10 इंचांत बसते. वास्तुविशारद ल्युटेन्सने आखलेलं, 1924 साली पूर्ण झालेलं ब्रिटनच्या क्वीन मेरीचं बाहुलीघर याच प्रमाणातलं. त्यात नळाला पाणीसुद्धा येतं! तो नाद तुम्हाला तूर्त नको.

भिंतींना सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, पुरतो. एलईडीच्या वायरी मात्र वॉलपेपर चिकटवण्याआधी टाका. खिडकीला काचेऐवजी लावलेल्या ॲक्रिलिकजवळ (पारदर्शक प्लास्टिक) फेवीक्विक नेऊच नका, वाफेने पांढरट डाग पडतो. कडेला फेव्हिकॉलचा बारीक थेंब लावा. वाळला की दिसत नाही.

खरी गंमत कापडात. साडीच्या जाड काठाचा पडदा केलात तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमल घ्या, फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात बुडवा, काडीने चुण्या पाडा आणि तसंच वाळू द्या. नक्षी बारीकच हवी. मोठं फूल आलं की प्रमाण गेलंच.

आणि चुलीमागची भिंत कोळशाची पूड कोरड्या ब्रशने फिरवून जराशी काळवंडवा. चकचकीत, कोरं स्वयंपाकघर कुणाच्या घरी असतं?