गाडी पेटेल का, ताई?

मागच्या अंकात हायब्रिड गाडीच्या बॅटरीची निगा कशी राखावी यावर लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र जवळजवळ सगळी आगीबद्दल. मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करते आणि हाय-व्होल्टेज गाडी कशी उघडायची हे मेकॅनिकांना शिकवते, त्यामुळे ही भीती माझ्या ओळखीची आहे. नारिंगी वायर (म्हणजे हाय-व्होल्टेजची) दिसली की पहिल्या दिवशी अख्खा वर्ग दोन पावलं मागे सरकतो. हेच लोक गाडीचा चार्जर मात्र भिंतीतल्या कुठल्याही सैल सॉकेटात बिनधास्त खोचतात.

ताई, आम्ही प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवर चालणारी, पण घरी चार्जही करता येणारी) घ्यायची ठरवली होती. मुलीने एक तक्ता पाठवला. एक लाख गाड्यांमागे हायब्रिड ३,४७४ पेटतात, पेट्रोलच्या १,५३० आणि इलेक्ट्रिक फक्त २५. मग हायब्रिडच सगळ्यांत वाईट का? बुकिंग रद्द करू?

तो तक्ता मलाही दहा जणांनी पाठवलाय. एका अमेरिकन विमा-तुलना संकेतस्थळाने तो काढला आणि आकडे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे म्हणून सांगितले. त्या मंडळाने स्पष्ट केलंय की गाडीच्या इंधनाप्रमाणे आगी मोजायचं काम ते करतच नाही. शिवाय आकडा आहे 'लाख विक्रीमागे'. विक्री एका वर्षाची असते, पेटणाऱ्या गाड्या मात्र नव्या-जुन्या सगळ्या असतात. आणि साधा हिशेब करून बघा. ३,४७४ म्हणजे दर २९ हायब्रिडपैकी एक जळालेली. हायब्रिड गाड्या १९९७ पासून रस्त्यावर आहेत. असं खरंच होत असतं तर एकाही टॅक्सीवाल्याने ती घेतली नसती.

त्यापेक्षा स्वीडनची मोजणी बरी, कारण ती सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेची आहे. तिथे वीज वापरणाऱ्या सुमारे ६ लाख ११ हजार गाड्या असताना २०२२ मध्ये आगी लागल्या २३. पेट्रोल-डिझेलच्या साधारण ४४ लाख गाड्यांमध्ये वर्षाला सुमारे ३,४०० लागतात. हेही डोळे मिटून घेऊ नका. विजेच्या गाड्या नव्या आहेत, आणि जुनी गाडी जास्त पेटते. पण फरक इतका मोठा आहे की वय वजा केलं तरी तो उलटा होईल असं मला वाटत नाही. (त्याच वर्षी तिथे इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या घटना होत्या ३८. स्कूटरची बॅटरी घरात आणून चार्ज करणाऱ्यांनी गाडीवाल्याला उपदेश करण्याआधी हे वाचावं.)

तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा वेगळा आहे. 'हायब्रिड' या एका नावाखाली फार वेगळ्या गाड्या येतात. कित्येक साध्या हायब्रिडमध्ये निकेल-मेटल हायड्राइडची, एक-दीड युनिटची छोटी बॅटरी असते. तिचं द्रावण पाण्याचं, ते भडकत नाही. अशी गाडी पेटलीच तर बहुधा इतर कुठल्याही गाडीसारखी: गळकं इंधन, तापलेला एक्झॉस्ट, १२ व्होल्टची खरचटलेली वायर. प्लग-इनमध्ये हे सगळं असतंच, वर लिथियम-आयनचा मोठा पॅक असतो. तिथे गडबड झालेली आहे. २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने काही प्लग-इन गाड्या परत बोलावल्या, कारण सेल बनवताना वेल्डिंगचे कण आत राहिले होते. त्याच वर्षी फोर्डने आपल्या कुगा या प्लग-इन गाडीच्या मालकांना गाडी चार्जच करू नका असं कळवलं. २०२२ मध्ये क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडच्या मालकांना गाडी इमारतीपासून दूर उभी करायला सांगितलं गेलं. तिथे आगी लागल्या त्या गाडी बंद करून ठेवलेली असताना.

तेव्हा बुकिंग रद्द करू नका. चॅसिस नंबर कंपनीच्या रिकॉल तपासणीत (ही गाडी परत बोलावलेल्यांपैकी आहे का ते सांगणाऱ्या) टाकून बघा, आणि जुनी गाडी घेत असाल तर हे काम पैसे देण्याआधी करा.

घरी साध्या सॉकेटवर गाडी रात्रभर चार्जिंगला असते. वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन लावतो. सकाळी पिन थोडी गरम लागते, पण एमसीबी कधी पडला नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार ना? बॅटरीची मात्र धास्ती वाटते.

नाही, ठीक नाही. आणि तुमची धास्ती चुकीच्या टोकाला आहे.

एमसीबी बघतो करंट किती जातोय ते. तुमची गाडी १२ अँपिअर ओढतेय आणि एमसीबी १६ चा आहे, मग तो पडेल कशाला? गळतीचा ब्रेकर बघतो करंट बाहेर कुठे निसटतोय का ते. सैल पिन या दोघांनाही दिसत नाही, कारण करंट जातोय तेवढाच आणि परत येतोय तेवढाच. फक्त वाटेत एका वाटाण्याएवढ्या जागेत तो अडखळतोय. तिथला अवरोध अर्धा ओहम धरा. १२ चा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे ७२ वॅट. माझं सोल्डरिंग आयर्न याहून कमी वॅटचं आहे, आणि त्याने शिसं वितळतं. ही उष्णता तुमच्या भिंतीत, प्लास्टिकच्या खोक्यात, रात्रभर मुरत राहते. पत्ती तापली की तिची स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते. इस्त्री किंवा गीझर याच सॉकेटावर वर्षानुवर्षं चालला असेल, पण तो थोड्या वेळात बंद होतो. गाडी आठ-दहा तास सलग ओढते.

एक्स्टेन्शन आजच काढा. त्यात सांधे वाढतात, वायर बहुधा बारीक असते, आणि गुंडाळी न सोडता वापरली तर आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरच्या बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन घ्या. योग्य जाडीची तांब्याची वायर, चांगलं अर्थिंग, आणि शेवटी जड कामाचं औद्योगिक सॉकेट किंवा भिंतीवरचा चार्जर. स्क्रू त्याने तुमच्यासमोर आवळावेत. चार्जिंग केबलला मध्ये जे खोकं असतं ते हवेत लोंबकळत ठेवू नका. त्याच्या वजनाने पिन खाली ओढली जाते आणि वरच्या बाजूने सुटते. खोक्याला खाली टेकू द्या. हे सगळं होईपर्यंत गाडीच्या सेटिंगमध्ये करंट ८ किंवा ६ अँपिअरवर आणा. वेळ दुप्पट लागेल, पण उष्णता करंटच्या वर्गाने घटते, म्हणजे निम्म्या करंटला पाव.

सॉकेटाची कड पिवळट-तपकिरी झालीय का, जळक्या प्लास्टिकचा वास येतो का, पिन हाताला सहज निघते का, ते बघा. यातलं एकही असेल तर ते सॉकेट बदलायचं, साफ करून पुन्हा वापरायचं नाही. गाडी उभी राहते त्या छताला धुराचा अलार्म लावा आणि झोपा.

आमच्या इमारतीच्या समितीला तळघरातल्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांवर बंदी घालायची आहे. दक्षिण कोरियातल्या आगीचा व्हिडिओ बैठकीत दाखवला गेला. मी एकटाच विरोधात आहे. काय बोलू?

व्हिडिओ खरा आहे. १ ऑगस्ट २०२४ ला इंचॉनमध्ये तळघरात उभी असलेली एक इलेक्ट्रिक मर्सिडीज पेटली. चार्जिंगला नव्हती, नुसती उभी होती. शेकडो गाड्यांचं नुकसान झालं. पण बैठकीत पुढचं वाक्यही वाचा: अलार्म वाजल्यावर तिथली स्प्रिंकलरची, म्हणजे छतातून पाणी फवारणारी, यंत्रणा थांबवण्यात आली होती. आणि त्याच्या शेजारी ल्यूटन ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनजवळच्या त्या विमानतळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये हजारावर गाड्या गेल्या, इमारत पाडावी लागली. सुरुवात झाली होती डिझेलच्या गाडीपासून. तिथे स्प्रिंकलरच नव्हते.

स्प्रिंकलरने बॅटरी विझत नाही, हे समितीतला कोणी हुशार माणूस म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. सेल एकदा तापून बेफाम झाला की त्याच्या कॅथोडमधूनच (धन टोकाच्या पदार्थातून) ऑक्सिजन सुटतो, बाहेरची हवा तोडून काही साधत नाही. भरपूर पाण्याने पॅक थंड करणं हाच उपाय. टेस्लाच्या बचावपथकासाठीच्या पुस्तिकेत यासाठी ११ हजार ते ३० हजार लिटर पाणी लागू शकतं असं दिलंय. पण स्प्रिंकलरचं काम शेजारची गाडी भिजलेली ठेवण्याचं आहे, म्हणजे एक जळते, चाळीस जळत नाहीत.

बंदीऐवजी मागण्या मांडा. स्प्रिंकलर आणि धूर खेचणारे पंखे चालू आहेत का याची तपासणी, चार्जर बाहेर पडायच्या वाटेजवळ (म्हणजे पथकाला पाइप ओढत आत खोलवर यावं लागणार नाही), आणि सगळ्या चार्जरची वीज एका फटक्यात तोडणारा स्विच तळघराबाहेर. बंदी घातलीत तर लोक चार्जिंग सोडणार नाहीत, खिडकीतून वायर सोडतील. मग वरच्या उत्तरातलं सगळं पुन्हा वाचा.

गाडीचं पोट दगडावर जोरात आदळलं. चालते नीट, कुठला दिवाही लागला नाही. तरी दाखवू का?

दाखवा, आणि तोवर घराला चिकटून उभी करू नका. २०११ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीची धडक-चाचणी झाली. आतल्या थंडाव्याच्या द्रावाची गळती झाली होती, गाडी अंगणात ठेवून दिली, आणि ती पेटली तीन आठवड्यांनी. म्हणून अपघातग्रस्त गाडी इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून साधारण १५ मीटर लांब ठेवायची असते. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीचंही तेच. ती वाळली, चालू झाली, तरी चार्जिंगला लावायची नाही. २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात अशा गाड्या पूर ओसरल्यावर पेटल्या.

गाडीत कोणतं अग्निशामक ठेवू? दुकानदार लिथियमसाठी 'डी' वर्गाचं महाग सिलिंडर घ्या म्हणतोय.

घेऊ नका. 'डी' वर्ग जळणाऱ्या धातूसाठी असतो. लिथियम-आयन सेलमध्ये धातूच्या रूपातलं लिथियम नसतं, भडकतो तो द्रावणाचा आणि वायूंचा भाग. साधं एबीसी पावडरचं ठेवा. ते सीट, डॅशबोर्डची वायर किंवा इंजिनजवळची सुरुवातीची ज्वाळा यांसाठी. गाडीच्या पोटातून फटफट आवाज, फुसफुस, गोडसर वास किंवा पांढरा धूर यायला लागला तर सिलिंडरला हात लावू नका. तो धूर वाफ नाही, त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. गिअर पार्कमध्ये टाका, पॉवर बटण बंद करा (हायब्रिड आवाज न करताही 'रेडी', म्हणजे चालू, असू शकते), सगळ्यांना उतरवा, वारा पाठीशी घेऊन लांब जा. अग्निशमन दलाला फोन करा, आणि गाडी इलेक्ट्रिक आहे की प्लग-इन तेही सांगा.

सिलिंडरपेक्षा दहा मिनिटं दरवाज्यांना द्या. अनेक नव्या गाड्यांची हँडलं विजेवर चालतात, आणि १२ व्होल्टची बॅटरी गेली की ती मुकी होतात. आतून हाताने उघडायची कळ कुठे आहे ते पुस्तिकेत शोधा. पुढे ती सहसा हाताशी असते. मागच्या दारांना मात्र कधी दाराच्याच खिशाच्या तळाशी रबराखाली लपवलेली असते, आणि काही मॉडेलांत मागे ती नाहीच. तसं असेल तर मागच्यांनी पुढच्या सीटवरून बाहेर यायचं, आणि ते मुलांकडून एकदा करून घ्या.