बाळ पालथं पडू लागलंय: बेडसाइड क्रिबमधून कॉटमध्ये कधी आणि कसं न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: साडेपाच महिन्यांचं बाळ आठवड्याभरापासून पालथं पडतंय, पलंगाला जोडलेल्या बेडसाइड क्रिबमध्ये हातांवर जोर देऊन छाती उचलतंय. सिडकोतली 10 बाय 10 ची खोली, त्यात कॉट, म्हणजे चारी बाजूंनी उंच कठड्याचा बाळाचा छोटा पलंग, घ्यावी का? सासूबाई म्हणतात तसं पाळण्यात किंवा सरळ पलंगावर घेतलं तर चालेल का? आणि नाशिकच्या थंडीत गोधडीशिवाय बाळ झोपणार कसं?

सगळ्यात आधी एक गोष्ट: तो क्रिब आज रात्रीपासून वापरू नका. ही घाई मी विचार करून सांगतेय. बेडसाइड क्रिबचे कठडे बुटके असतात आणि बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. हातांवर उचललेलं बाळ गुडघ्यांवर आलं की त्याचा तोल कठड्याच्या बाहेर जायला वेळ लागत नाही. क्रिबसोबत आलेलं माहितीपत्रक असेल तर काढून पाहा. बहुतेकांवर लिहिलेलं असतं की बाळ हात-गुडघ्यांवर येऊ लागलं, आधाराशिवाय बसू लागलं किंवा साधारण 9 किलोचं झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा वापर थांबवा. वयाचा आकडा बघत बसू नका; कोणी चार महिन्यांत तिथे पोचतं, कोणी सहा महिन्यांत. पलंगाकडची बाजू उघडी ठेवत असाल तर आणखी एक धोका आहे. तुमची गादी आणि क्रिबची गादी यांच्यात रोज थोडी फट पडते आणि सरकणाऱ्या बाळाचं तोंड नेमकं तिथे अडकतं.

कॉट येईपर्यंत बाळाला जमिनीवर झोपवा. खाली सतरंजी, वर पातळ, कडक गादी, भिंतीपासून आणि कपाटापासून चांगलं हातभर लांब. जमिनीवरून पडायची भीती नाही. कॉट घेणं परवडत नसेल तर हीच व्यवस्था पुढेही चालेल. फक्त बाळ सरकायला लागलं की खोलीतली वायर, प्लग, चार्जर, टेबलफॅन सगळं त्याच्या हातापलीकडे गेलं पाहिजे.

आता कॉट. नेहमीची कॉट आतून 120 बाय 60 सेंटीमीटर असते, म्हणजे चार फूट बाय दोन फूट. तुमच्या खोलीत पलंगाच्या बाजूला ती बसते, आणि ती तुमच्याच खोलीत हवी. निदान सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळ आई-बाबांच्या खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपावं असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. सहानंतर लगेच दुसऱ्या खोलीत हलवलंच पाहिजे असंही नाही. जागा ठरवताना खिडकीखालची टाळा: पडद्याच्या आणि ब्लाइंडच्या दोऱ्या बाळाच्या हाती लागतात आणि गळ्याभोवती गुंडाळल्या जातात. भिंतीला लावायची असेल तर अगदी चिकटवून लावा. अर्धवट फट सगळ्यात वाईट.

रविवार कारंजा, मेन रोड भागात तयार घ्या किंवा सुताराकडून करून घ्या, टेप घेऊन जा. उभ्या दांड्यांमधलं अंतर साडेचार ते सहा सेंटीमीटर असावं. त्याहून जास्त असेल तर बाळाचं धड त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. आडव्या पट्ट्या नकोत, त्यांची शिडी होते. एक बाजू खाली सरकणारी कॉट घेऊ नका. कड्या ढिल्या होऊन ती बाजू सुटते, बाळ त्या फटीत अडकतं. अमेरिकेत 2011 पासून अशा कॉटच्या विक्रीवर बंदी आहे. कोपऱ्यांवर सजावटीचे गोळे-मुकुट नकोत, कपडा त्यात अडकतो. तळाची फळी दोन-तीन उंचींवर बसवता येईल अशी असेल तर उत्तम. बाळ बसू लागेपर्यंत वरची उंची चालते, कारण तुमची कंबर वाचते. तुमचं बाळ आता ज्या टप्प्यावर आहे ते पाहता मी सुरुवातच खालच्या उंचीने करेन. गादी घातल्यावर तिच्या वरच्या पृष्ठभागापासून कठड्याच्या टोकापर्यंत किमान 50 सेंटीमीटर उरायला हवेत, म्हणून गादी 10 सेंटीमीटरपेक्षा जाड घेऊ नका. चाकं असतील तर त्यांना लॉक हवा. स्क्रू महिन्यातून एकदा आवळा.

नातेवाइकांकडून आलेली जुनी कॉट असेल तर रंग खरवडून निघतोय का पाहा. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत 90 भाग) असावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधी रंगवलेल्या लाकडावर विसंबू नका. दात येताना बाळ कठडा चावतंच. एखादा दांडा हलत असेल किंवा मूळ स्क्रूऐवजी तारेने बांधलेलं असेल तर ती कॉट नाकारा, कुणी प्रेमाने दिलेली असली तरी.

गादीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण चूक बहुतेक इथेच होते. बाळाला मऊ हवं ही आपली समजूत आहे. पालथं पडलेलं, थकलेलं बाळ मऊ गादीत नाक-तोंड खुपसतं, तिथे नाकाभोवती खळगा तयार होतो आणि त्याच खळग्यातली उच्छ्वासाची हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. तिच्यात प्राणवायू कमी होत जातो. मोठा माणूस अशा वेळी आपोआप मान वळवतो. लहान बाळ प्रत्येक वेळी वळवेलच असं नाही. म्हणून गादी सपाट आणि आपल्याला जरा जास्तच कडक वाटेल अशी हवी. तळहाताने मधोमध आणि कडेला जोरात दाबा. हात उचलताच ती लगेच मूळ आकारात आली पाहिजे, खड्डा राहता कामा नये. काथ्याची दाबून केलेली गादी किंवा जास्त घनतेचा फोम दोन्ही चालतात. कापसाची गादी नवी असताना ठीक वाटते, दोन-तीन महिन्यांत मधे खळगा आणि कडेला गाठी होतात. तीच करायची असेल तर गादीवाल्याला पातळ, गच्च भरलेली आणि जवळजवळ टाके घातलेली करायला सांगा, आणि मधे बसली की पुन्हा पिंजून घ्या. मेमरी फोम अजिबात नको.

माप कॉटच्या आतल्या मापाएवढंच. गादी एका कडेला सरकवल्यावर दुसऱ्या बाजूला दोन बोटांपेक्षा जास्त जागा दिसली तर गादी लहान आहे. ती फट दुपटी कोंबून बुजवू नका. नवीन गादीचं प्लॅस्टिकचं वेष्टण काढून टाका. ओलं होऊ नये म्हणून रबरी शीट घालायची असेल तर ती गादीला घट्ट गुंडाळून वरून चादर. चादर चारी बाजूंनी इलॅस्टिक लावून शिंप्याकडून शिवून घ्या, सैल चादरीचा बाळ गोळा करून तोंडावर घेतं. अशा तीन चादरी लागतात: एक घातलेली, एक धुवायला, एक रात्री दोन वाजता बदलायला.

आणि एवढंच. कॉटमध्ये गादी, चादर आणि बाळ. उशी नाही, लोड नाही, कडेला लावायचे कापडी बंपर नाहीत, टेडी नाही. दुकानदार बंपर लावलेला सेट दाखवेल, कारण तो दिसायला गोड असतो. बंपरवर नाक दाबलं जातं आणि पुढे त्यावर पाय देऊन बाळ चढतं. मोहरीच्या उशीबद्दल सासूबाईंना आग्रह असेल. त्यांच्या काळात डोकं गोल व्हावं म्हणून ती दिली जायची आणि त्यामागे मायाच होती. पण तिने हनुवटी छातीकडे दबू शकते, आणि पालथ्या बाळाला ती नाकाखाली येते. डोकं एका बाजूने चपटं वाटत असेल तर दिवसा जागेपणी, कुणीतरी समोर असताना बाळाला पालथं खेळवा आणि कॉटमध्ये रोज डोक्याची दिशा बदला. ते दिव्याकडे किंवा तुमच्याकडे बघायला मान वळवतं, दाब आपोआप दुसरीकडे जातो.

झोपवायचं नेहमी उताणं, दिवसाही आणि रात्रीही. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत तिथे झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. उलटी झाली तर घशात अडकेल अशी भीती घरात असते. खरं तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे दूध वर आलं तरी ते चढून श्वासनलिकेत जाणं अवघड जातं. पालथ्या बाळाचं उलट होतं. सर्दी झाली म्हणून डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करू नका. बाळ घसरून मान दुमडते. तुम्ही उताणं ठेवलं आणि ते स्वतः पालथं झालं, दोन्ही बाजूंना सहज वळू शकतंय, तर रात्रभर उलटं-सुलटं करत बसायची गरज नाही. फक्त एकाच बाजूला वळता येत असेल तर तुमची नजर पडेल तेव्हा उताणं करा, आणि दिवसा परत वळायचा सराव द्या. दुपट्यात गच्च गुंडाळणं मात्र आता पूर्ण बंद. हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर त्याला मान उचलायला आधारच उरत नाही.

पाळणा आणि साडीची झोळी दिवसा, कुणीतरी शेजारी बसून झोका देत असेल तेवढ्यापुरतीच ठेवा. झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, आणि वळू लागलेलं बाळ कापडात गुरफटतं. झोप लागली की उचलून कॉटमध्ये.

पलंगाचा प्रश्न नाजूक आहे, कारण आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं आणि मध्यरात्री दूध पाजताना डोळा लागणं अगदी स्वाभाविक आहे. कुणालाही त्याबद्दल अपराधी वाटू नये. तरी साडेपाच महिन्यांच्या वळणाऱ्या बाळासाठी मोठ्यांचा पलंग सोयीचा नाही. आई आणि भिंत यांच्यामध्ये बाळ ठेवण्याची पद्धत सुरक्षित वाटते. नेमकी तीच फट अडकायची जागा आहे. उशांची भिंत रचली तर तीच अंगावर येते. पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नका, ती सगळ्यात धोक्याची जागा. पलंगावर पाजा, आधी उशा-पांघरुणं बाजूला काढा, आणि जाग आली की बाळ कॉटमध्ये ठेवा. बाळ 37 आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल, जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल, किंवा पलंगावरचं कुणी दारू वा झोपेची गोळी घेऊन झोपत असेल, तर सोबत झोपणं पूर्ण टाळा. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून दमून आलेल्या माणसाची झोप किती गाढ असते ते घरच्यांना माहीत असतं. तोही विचार करा.

थंडीचं बोलू. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे आणखी खाली, तेव्हा काळजी रास्त आहे. गोधडी मात्र वर्षाच्या आतल्या बाळाच्या कॉटमध्ये नको, ती तोंडावर सरकते. तिच्याऐवजी अंगावरच थर घाला: आत सुती झबलं, वर पूर्ण बाह्यांचा सुती कपडा आणि पायजमा, पायमोजे, आणि सगळ्यावर झोपेची पिशवी म्हणजे स्लीपिंग बॅग. ती शिंपी सहज शिवून देतो. फ्लॅनेलचं कापड, बिनबाह्यांची, खाली पाय हलतील एवढी घेरदार. गळ्याशी आणि बगलेत दोन बोटं जातील इतकंच माप, त्याहून सैल असेल तर बाळ आत घसरतं. टोपी, नाडी, बटणांचे झुपके काही नको. वजन घातलेल्या पिशव्या विकायला येतात, त्या घेऊ नका. झोपताना कुंची आणि टोपडंही काढायचं, कारण बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून सोडतं आणि जास्त तापणं हासुद्धा धोका आहे. हातपाय गार लागले म्हणून थर वाढवू नका. मानेच्या मागे हात लावून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. तुमच्यापेक्षा एक थर जास्त, एवढं पुरतं. एप्रिल-मेमध्ये एकच सुती झबलं आणि पंखा, कूलरचा झोत थेट अंगावर नको.

बंद खोलीत शेगडी किंवा धुरी ठेवून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डासांची कॉइलही बंद खोलीत नको. मच्छरदाणी कॉटच्या बाहेरून, चौकटीवर ताणून बांधा. आत लोंबणारी जाळी बाळ ओढून घेतं. छत्रीसारख्या घडीच्या मच्छरदाणीसोबत येणारी गुबगुबीत गादी-उशी वापरू नका. गळ्यातला काळा धागा, मनगटातले मणी झोपताना काढून ठेवा.

बदल सवयीचा कसा करायचा? पहिले दोन-तीन दिवस फक्त दिवसाच्या झोपा कॉटमध्ये, रात्री जमिनीवरची गादी. मग रात्रीची पहिली झोप कॉटमध्ये, आणि मधली जाग आल्यावर पाजून पुन्हा तिथेच. रोज तोच क्रम ठेवा: अंग पुसणं, कपडे, दूध, ढेकर, दिवा मंद, एखादी ओवी. डोळे जड झालेत पण पूर्ण मिटले नाहीत अशा वेळी ठेवून पाहा. ठेवताना आधी पाय आणि कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं टेकवा, आणि हात लगेच न काढता छातीवर मिनिटभर ठेवा. डोकं आधी टेकलं तर बाळ दचकतं. रडलं तर उचला, शांत करा, परत ठेवा. पहिल्या चार-पाच रात्री झोप तुटते, दहा-पंधरा दिवसांत बहुतेक बाळं रुळतात. लसीचा ताप असेल त्या दोन दिवसांत नवीन काही सुरू करू नका.

झोपेत श्वास 20 सेकंदांहून जास्त थांबणं, ओठ निळे पडणं, बाळ एकदम ढिलं पडणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, 108 ला फोन करा.

बाळ कठड्याला धरून उभं राहण्याआधी तळ सगळ्यात खालच्या उंचीवर गेलेला असू द्या. आणि कठड्यावर पाय टाकायला लागलं, किंवा उंची 89 सेंटीमीटरच्या आसपास गेली, की कॉटही सोडायची आणि पुन्हा जमिनीवरची गादी अंथरायची.