वय 41, नोकरी, दोन मुलं आणि खोल पाण्याची भीती. तरी वर्षभरात गोव्याची 113 किलोमीटरची ट्रायथलॉन पूर्ण करता येईल का? हंगामभराचा सराव कसा असतो? वेटसूट आणि महागडी सायकल लागतेच का?

येईल. मी 2022 मध्ये केली. तेव्हा माझं वय 43 होतं, साताऱ्यात एका पतसंस्थेत पूर्ण वेळ नोकरी होती आणि मुलगी दहावीला होती. जानेवारीत सुरुवात केली आणि 13 नोव्हेंबरला गोव्यात आयर्नमॅन 70.3 (हीच 113 किलोमीटरची शर्यत, म्हणजे 70.3 मैल) पूर्ण केली. 1.9 किलोमीटर समुद्रात पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, एकूण 7 तास 38 मिनिटं लागली. मर्यादा साडेआठ तासांची असते. वाटेतही दोन मर्यादा आहेत: पाण्यातून 1 तास 10 मिनिटांत बाहेर यायचं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपवायची.

आधी पाण्याचं सांगते, कारण तुमची खरी अडचण तीच दिसते.

माझं माहेर रहिमतपूरजवळचं. पोहायला मी विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून, काकांच्या हाताखाली. त्यामुळे मला वाटायचं की पाण्याची आपल्याला काय भीती! पण विहिरीतलं पोहणं म्हणजे डोकं वर ठेवून, बेडकासारखे पाय मारत काठ गाठणं. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात घालून पहिल्यांदा 25 मीटर गेले तेव्हा भिंतीला धरून दोन मिनिटं धापा टाकत होते. दम कमी असावा असं वाटलं. शिकवणाऱ्या मॅडमनी बघून सांगितलं की तुम्ही पाण्याखाली श्वास सोडतच नाही, धरून ठेवता. श्वास कोंडला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि छाती आवळल्यासारखी होते. ती घुसमट हवा न मिळाल्याची नसते, आतली हवा बाहेर न टाकल्याची असते. पुढचे पंधरा दिवस मी फक्त कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, तोंड बुडवून, बुडबुडे सोडत होते. चाळिशीतल्या बाईला हे करायला संकोच वाटतो, मला वाटला. पण माझी अर्धी भीती तिथेच गेली. तुम्हीही लांबीचा विचार सोडून आधी एवढंच करा.

दुसरी अडचण वेळेची. आमच्या तलावावर महिलांची बॅच संध्याकाळी पाऊण तासाची, त्यात खूप गर्दी, सरळ रेषेत पोहायला जागाच नाही. मी व्यवस्थापकांना भेटून पहाटेच्या सर्वसाधारण बॅचची परवानगी मागितली. पहिले काही दिवस मी एकटीच बाई होते, जूनपर्यंत आम्ही चौघी झालो. 25 मीटरच्या तलावात 1.9 किलोमीटर म्हणजे 76 लांब्या. मार्चअखेर मी सलग 20 करत होते, मेमध्ये 50, आणि 76 पहिल्यांदा झाल्या त्या 9 जुलैला. घरी येऊन मुलीला कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायला लावला होता.

पण तलाव म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात धरायला भिंत नसते, तळ दिसत नाही आणि आपण सरळ चाललोय की नाही तेही कळत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण मालवणला चिवला बीचवर गेलो. तिथला समुद्र त्या मानाने शांत असतो. ओळखीच्या मच्छीमाराची होडी बरोबर ठेवली, प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी फुगा. तरीही शंभर मीटरवर माझ्या तोंडात लाट गेली, छाती धडधडायला लागली आणि मी होडीला हात केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरले आणि धडधड सुरू झाली तशी उताणी होऊन तरंगत राहिले. खाऱ्या पाण्यात शरीर चांगलं तरंगतं. मिनिटभरात श्वास जागेवर आला आणि पुढे निघाले. हे उताणं होणं मी नंतर मुद्दाम शिकले, दर वेळी दोनचारदा करून बघायचे. दिशेसाठी दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढून किनाऱ्यावरची एखादी खूण बघायची, मी एका उंच माडावर नजर ठेवायचे. पावसाळ्यात कोकणच्या समुद्रात उतरू नका, कितीही सोबत असली तरी. आम्ही मेच्या मध्यानंतर थांबलो ते थेट ऑक्टोबरात गेलो. आणि उघड्या पाण्यात एकटीने कधीच नाही, धरणाच्या पाण्यातही नाही.

वेटसूट घेऊ नका. आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे हौशी स्पर्धकांना पाणी साधारण 24.5 अंशांपर्यंत असेल तरच तो चालतो, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट असतो. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून मीही चौकशी करत बसले होते.

आता सरावाबद्दल. मला या वर्षात सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर हळू जाणं. मी आधी सातारा हिल मॅरेथॉनमध्ये दोनदा धावले होते, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा, 21 किलोमीटर. त्यामुळे सराव म्हणजे धाप लागली पाहिजे, घाम निथळला पाहिजे, अशी माझी समजूत. प्रशिक्षकांनी फेब्रुवारीत सांगितलं की नाडी 138 च्या वर न्यायची नाही, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. त्या नाडीला माझा वेग किलोमीटरला 9 मिनिटं 10 सेकंद पडला. चालणारी माणसं पुढे जायची. रोज वाटायचं, हा काय सराव झाला! एप्रिलमध्ये मी ऐकलं नाही. स्वतःच्या मनाने वेग वाढवला, रविवारचं अंतर 10 वरून तीन आठवड्यांत 17 वर नेलं, आणि मेअखेर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली. जिना उतरता येईना. तीन आठवडे धावणं बंद. त्या काळात पोहले, खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम केले, सायकलची सीट फिजिओच्या सल्ल्याने दीड सेंटिमीटर वर घेतली. पुन्हा सुरू केलं ते दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल असं. त्यानंतर 138 कधी ओलांडली नाही, आठवड्यातला एक ठरलेला कठीण दिवस सोडून. ऑक्टोबरात त्याच 138 ला माझा वेग 7 मिनिटं 25 सेकंद होता.

आठवड्याचे तास विचाराल तर मार्चपर्यंत पाच-सहा, जूनपर्यंत सात-आठ, ऑगस्टपासून दहा ते अकरा. दर चौथा आठवडा मुद्दाम हलका. शनिवारी लांब सायकल, रविवारी लांब धाव, मधल्या दिवसांत तीनदा पोहणं आणि बाकीचं पहाटे साडेचार ते सातमध्ये बसेल तेवढं. सोमवारी पूर्ण सुट्टी, आणि ती घ्यायचीच.

बाई म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. मेमध्ये सोपी धावसुद्धा जड जायला लागली तेव्हा मी स्वतःला आळशी म्हणत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 10.4 निघालं. लोहाच्या गोळ्या, नाचणी, पालेभाज्या, वर लिंबू, आणि चहा जेवणापासून तासभर लांब. ऑगस्टमध्ये 12.3 झालं आणि तोच रस्ता सोपा वाटायला लागला. सुरुवात करण्याआधी ही तपासणी करून घ्या, मी उशिरा केली.

सायकल महागडी लागत नाही. मी जुनी रोडबाईक घेतली, अ‍ॅल्युमिनियमची, आणि सगळ्यात जास्त पैसे घातले ते मापाप्रमाणे बसवून घेण्यावर. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे, शर्यतीत बाहेरच्या कुणाची मदत चालत नाही. पडवीत बसून मी ट्यूब बदलायचा सराव केला, पंचवीस मिनिटांवरून नऊवर आले. लांब पल्ल्यासाठी सातारा-कराड आणि परत, शंभरेक किलोमीटर होतात, पहाटे पाचला निघायचं. चढासाठी कासचा रस्ता. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुक्यात पाच फुटांवरचं दिसत नाही, तेव्हा घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर. आणि आमच्या भागात असाल तर गाळप सुरू झालं की अंधारात निघू नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

शनिवारची सायकल संपली की लगेच वीस मिनिटं धावायचं, याला ब्रिक म्हणतात. पहिल्यांदा पाय लाकडाचे वाटतात, आपले वाटतच नाहीत. दहा-बारा मिनिटांनी सैल होतात. हे होणार आहे हे शरीराला आधी माहीत असलं की शर्यतीत घाबरायला होत नाही.

पोटाचाही सराव लागतो. तासाला 50-60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, म्हणजे साधारण दोन केळी किंवा दोन जेल (पुडीतला गोड, घट्ट पाक). मला नुसत्या जेलने मळमळायचं. सप्टेंबरात कराडहून परतताना उंब्रजच्या अलीकडे उलटी झाली, कारण दोन तास काही न खाता नंतर एकदम तीन जेल घेतली होती. मग दर वीस मिनिटांनी घड्याळ लावून थोडं थोडं घ्यायला लागले. चिक्की, बी काढलेले खजूर, मीठ जास्त घातलेलं लिंबू सरबत, आणि जेल फक्त शेवटच्या तासात. घाम किती जातो तेही मोजलं. ऑक्टोबरच्या उन्हात तासभर धावून आले, वजन 700 ग्रॅम कमी भरलं, मधे अर्धा लिटर प्यायले होते, म्हणजे तासाला सव्वा लिटरच्या आसपास. साताऱ्यात एवढं, तर गोव्याच्या दमट हवेत जास्तच जाणार हे लक्षात आलं.

सणांचं तुम्हीही आधीच ठरवून ठेवा. त्या वर्षी नवरात्र 26 सप्टेंबरला बसलं, नेमके सरावाचे सगळ्यात मोठे आठवडे. मी लग्नापासून नऊ दिवस उपास करते. सासूबाईंशी बोलायला मला आठवडा लागला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उठता-बसता कर, मधले दिवस जेव, देवीला कळतं." लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, म्हणजे शर्यतीला वीस दिवस. शेवटचा मोठा सराव आदल्या शनिवारी उरकला आणि नंतर तास कमी करत नेले. फराळ केला, खाल्लाही.

शर्यत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. आम्ही निपाणी, आजरा, आंबोलीमार्गे गाडीवर सायकली बांधून गेलो, दोन दिवस आधी. सकाळी थोडे थोडे स्पर्धक काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात सोडतात, पायाला चिप असते आणि ज्याचा त्याचा वेळ तिथून सुरू. मांडवी तिथेच समुद्राला मिळते, पाणी गढूळ, स्वतःचा हातही दिसत नव्हता. पहिल्या वळणाच्या फुग्यापाशी कुणाचा तरी पाय माझ्या गॉगलवर बसला. मी उताणी झाले, आकाश बघितलं, दहा श्वास मोजले, गॉगल बसवला आणि निघाले. 53 मिनिटांत बाहेर आले. वाळूत पाय लागले तेव्हा रडू आलं, पुढे शंभराहून जास्त किलोमीटर बाकी असताना.

सायकलवर दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत जायला बंदी आहे, पुढच्यापासून 12 मीटर अंतर ठेवायचं, आणि त्या टप्प्यात शिरलात तर 25 सेकंदांत ओलांडून जायचं. आम्ही गटात चालवतो तेव्हा याची सवय नसते, म्हणून महिनाभर आधीपासून एकटीने चालवली होती. पहिल्या तासात भराभर लोक पुढे गेले. पाय ताजे होते, मलाही जोर करता आला असता. मी नाडी बघत राहिले. 3 तास 48 मिनिटं लागली. पुढे गेलेल्यांतले कितीतरी चेहरे मला नंतर धावण्याच्या रस्त्यावर, ऐन दुपारी, दुभाजकावर बसलेले दिसले. मी प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी तीस पावलं चालत होते, टोपीत बर्फ भरून पुन्हा धावत होते. चौदाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, मीठ-लिंबू चोखलं, चालले एवढंच, थांबले नाही. शेवटचे दोन किलोमीटर मुलगी फुटपाथवरून बरोबर पळत होती.

तर तुमच्यासाठी: हातात दहा-अकरा महिने असतील तर हीच शर्यत धरा. सहा महिनेच असतील तर आधी ऑलिम्पिक अंतर करा, दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 धावणं. या आठवड्यात रक्त तपासा आणि तलावावर नाव घाला. सायकल महिनाभराने घेतली तरी चालेल. तुम्ही कुठल्या गावच्या ते लिहिलं नाही. खाली लिहा, कोकणात किंवा घाटमाथ्यावर तुमच्या जवळ कुठे सोबतीने उतरता येईल आणि कोणत्या महिन्यात, ते मला माहीत असेल तेवढं सांगते.