बीएची फी कमी आहे, खर्च कमी नाही

लातूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेअकरा लाखांच्या आसपास. मुलगी बारावी सायन्स झाली. दोन वर्षांच्या क्लासला १,८०,००० रुपये गेले. सीईटीत मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत, तरी पुण्याजवळच्या एका खाजगी कॉलेजात ईएनटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) जागा मिळते आहे. मुलगी म्हणते, मला इंजिनिअरिंग करायचं नाही, पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बीए करायचं आहे. बँक ८ लाखांचं शैक्षणिक कर्ज द्यायला तयार आहे, पण घराची कागदपत्रं मागते. ताई विचारतात : "आर्ट्सला घातलं तर क्लासचे पैसे वाया गेले असं होईल का? आणि उद्या तिला नोकरी लागली नाही तर आम्ही पालक म्हणून चुकलो असं होईल का?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. ते १,८०,००० रुपये गेले. मुलगी इंजिनिअर झाली तरी ते परत येणार नाहीत आणि बीए झाली तरी नाहीत, म्हणून ते दोन्हीपैकी कुठल्याही रकान्यात लिहू नका. क्लासमध्ये ती गणित शिकली, आणि पुढे अर्थशास्त्रात एमए करायचं तर गणिताशिवाय गाडी अडते. त्यामुळे ते शिकणं काही वाया जात नाही.

आता रकाने मांडू. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे इंजिनिअरिंगची फी वर्षाला १,५५,००० आणि हॉस्टेल-मेस १,१५,०००. चार वर्षांचे १०,८०,००० झाले. लॅपटॉप, परीक्षा फी, सणासुदीला येणं-जाणं धरून साडेअकरा लाख समजा.

बीएची फी तुम्ही १४,००० लिहिली आहे आणि शेजारी "चार वर्षांचे ५६ हजार" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. तुमची चूक तिथे झाली आहे. इंजिनिअरिंगच्या रकान्यात हॉस्टेल आणि मेस धरलं, बीएच्या रकान्यात ते धरायचंच राहिलं. मुलगी पुण्यात राहणार तर दोन वेळचं जेवण आणि खोलीचं भाडं दोन्हीकडे सारखंच. म्हणजे वर्षाला १,२९,०००, आणि नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी धरली तर ५,१६,०००. शिवाय अर्थशास्त्रातल्या नुसत्या बीएवर चांगली नोकरी मिळणं अवघड असतं, या विषयाला भाव येतो तो एमएनंतर. ऑनर्सनंतर एमए एका वर्षात होऊ शकतं, पण तुम्ही दोन वर्षं धरून चाला. फी ८०,००० आणि राहणं-खाणं १,३०,००० धरलं तर दोन वर्षांचे ४,२०,०००. एकूण झाले ९,३६,०००.

म्हणजे तुमच्यापुढे साडेअकरा लाख विरुद्ध ५६ हजार असा प्रश्नच नाही. साडेअकरा विरुद्ध साडेनऊ असा आहे. बीएत पैसे वाचत नाहीत, खर्च पुढे ढकलला जातो. हे आधी न कळल्यामुळे किती घरांची ओढाताण होते ते मी पाहिलं आहे. तीन वर्षं "फी कमीच आहे" म्हणून सगळे निवांत असतात. मग एमएच्या प्रवेशाच्या वेळी हातात काही नसतं आणि मुलगी गावाकडच्याच कॉलेजात, जो विषय मिळेल त्यात नाव घालते.

एक गोष्ट इंजिनिअरिंगच्या बाजूने सांगायलाच हवी. तिथून मुलगी बाविसाव्या वर्षी कमावती होऊ शकते, इकडून चोविसाव्या. कॅम्पसमध्ये साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मिळालं असं धरलं, तर दोन वर्षांचे सहा-सात लाख हे बीएच्या वाटेने सोडून दिलेले पैसे आहेत. नुसत्या कागदावर इंजिनिअरिंग पुढे आहे, ते मी लपवणार नाही.

तरीही तुमच्या घरासाठी मी बीएच सांगेन. माझं मुख्य कारण ते कर्ज आहे.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारच्या पत हमी योजनेचा आधार असतो, म्हणून बँका तारण मागत नाहीत. तुमचं कर्ज ८ लाखांचं, म्हणून घराचे कागद मागितले गेले. केवळ पन्नास हजारांसाठी राहतं घर बँकेत ठेवू नका. कुठल्याही कारणाने कर्ज घेतलंच तर ते साडेसातच्या आत बसवा. आता हप्त्याचं बघा. दर वर्षी दोन लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष सवलतीचं गेलं, तर परतफेड सुरू होईपर्यंत ८ लाखांचे १०,८०,००० झालेले असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १४,३००. पंचवीस-अठ्ठावीस हजार हातात येणाऱ्या मुलीला पुण्यात राहून तो झेपणार नाही, म्हणजे तुम्हीच भरणार. जुन्या करप्रणालीत असाल तर आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत तीही नाही.

आणि तुमचा धाकटा आठवीत आहे. कागदावर त्याची वर्षं मुलीच्या वर्षांशेजारी लिहून बघा. तिचा हप्ता ज्या वर्षी सुरू होतो, त्याच वर्षी त्याची बारावी होते. मुलगा आपल्या प्रवेशाचा अर्ज भरत असताना घरातून दरमहा १४,३०० बाहेर जाणार. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, दुसऱ्या मुलाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

शिवाय मुलीची इच्छा नाही. याला पैशात किंमत नसते असं लोक म्हणतात, पण असते. नावडत्या शाखेत केटी लागत गेल्या, म्हणजे विषय राहत गेले, आणि एक वर्ष इयर डाऊन झालं, की हॉस्टेल-मेसचे सव्वा लाख आणि वर आणखी फी. कर्जाचं व्याज तर चालूच.

शासकीय कॉलेजात, म्हणजे कराडला किंवा अवसरीला, तिच्या आवडीच्या शाखेत जागा मिळाली असती आणि तिला जायचं असतं, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. फीमाफीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, पण कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा. तुमचं उत्पन्न त्यापुढे आहे, म्हणून तुम्हाला ती लागू नाही. ज्या वाचकांना लागू होते त्यांचं गणित पुरतं बदलतं, त्यांनी माझे वरचे आकडे आपल्याला लावून घेऊ नयेत.

बीएचे पैसे आणायचे कुठून? तुम्ही लिहिता, महिन्याला अकरा हजार बाजूला पडतात, सुकन्या समृद्धीचे तीन हजार धरून. उरलेल्या आठ हजारांचे वर्षाला ९६,००० होतात. लागतात १,२९,०००. वरचे ३३,००० दर वर्षी तुमच्या ४ लाखांच्या मुदत ठेवीतून काढा. चार वर्षांत त्यातले १,३२,००० जातील आणि अडीअडचणीला २,६८,००० शिल्लक राहतील. ती रक्कम मुलीच्या शिक्षणाचीही नाही आणि दुकानातल्या मालाचीही नाही, एवढं यजमानांशी आधीच बोलून घ्या.

सुकन्याच्या खात्याला आत्ता हात लावू नका. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा त्याआधी दहावी पास झाली की आदल्या मार्चअखेरच्या शिल्लकीच्या निम्मी रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते, पण प्रवेशपत्रात किंवा फीच्या स्लिपमध्ये जितकी मागणी असेल तितकीच. बीएची फी १४,००० म्हटल्यावर तिथून फार काही निघणारही नाही. खात्यात आज ५,४०,००० आहेत. तीन-तीन हजार भरत राहिलात आणि व्याजदर आजच्या आसपास राहिला, तर चार वर्षांनी सुमारे नऊ लाख होतील, त्यातले निम्मे साडेचार. एमएला ४,२०,००० लागतील असं आपण धरलं आहे. ती रक्कम इथेच तयार होते आहे. मात्र एमएच्या वेळी विद्यापीठाचं किंवा संस्थेचं हॉस्टेल घ्या आणि त्याची रक्कम फीच्या स्लिपवर येईल असं बघा, खाजगी खोलीच्या भाड्याला पोस्ट पैसे देत नाही. कमी पडलंच तर दोन-तीन लाखांचं विनातारण कर्ज मुलीच्या नावावर घ्यावं.

यजमान म्हणतात, सुकन्या ही लग्नासाठी. त्यांची काळजी मला कळते, पण खातं काढून २१ वर्षं झाली की उरलेली निम्मी रक्कम तिलाच मिळणार आहे आणि तेव्हा तिचं काय करायचं ते ती ठरवेल. तुमच्या एनपीएसमधून, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतून, मुलांच्या शिक्षणासाठी काही रक्कम काढता येते असं शाळेतल्या सहकाऱ्यांनी सांगितलं आहे. नियमात बसतं, पण तुम्ही २००९ साली लागलात आणि अठ्ठावन्नला निवृत्त होणार. निवृत्तीनंतर त्याच पैशांवर घर चालणार आहे, म्हणून ते काढू नका.

आता या वाटेवरचा खरा धोका सांगतो, कारण मी बीए सांगितलं आणि हे सांगितलं नाही तर तुमचं नुकसान करेन. पुण्यात आर्ट्सची मुलं दोन ठिकाणी अडकतात. पहिलं ठिकाण म्हणजे स्पर्धा परीक्षा. दोन वर्षांपूर्वी एका शेतकरी अशिलाबरोबर मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत गेलो होतो, त्यांच्या मुलाला भेटायला. खुर्चीच्या पाठीला शाल, टेबलाखाली स्टीलचा डबा, समोरच्या भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, त्याचे कोपरे पिवळे पडलेले. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, अतिशय हुशार, सहावा प्रयत्न चालू. महिन्याला बारा हजार म्हणजे वर्षाला १,४४,०००, आणि सहा वर्षांचे साडेआठ लाखांच्या पुढे. वडिलांनी ते कधी बेरीज करून पाहिलेच नव्हते, कारण ते फी म्हणून नव्हे, महिन्याला थोडे थोडे गेले. मी बेरीज केली तेव्हा ते बराच वेळ नुसते कागदाकडे बघत राहिले. म्हणून मुलीला यूपीएससी किंवा एमपीएससी द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण किती प्रयत्न आणि किती रुपये ते आज लिहून ठेवा. मी दोन प्रयत्न सांगेन.

दुसरं ठिकाण म्हणजे एमए, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आणि मग सीनियर कॉलेजात सीएचबीवर, तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं शिकवणं. पक्की जागा निघायची वाट बघत चाळिशी गाठलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. तुमची मुलगी अर्थशास्त्र घेते आहे म्हणून तिच्यापुढे इतर वाटा आहेत : केंद्राची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस, जिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, रिझर्व्ह बँकेतली अर्थशास्त्रज्ञांची पदं, बँका, संशोधन संस्था, डेटाची कामं. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० शिष्यवृत्ती घेऊन पीएचडी करता येते. पण या सगळ्यांना चांगल्या ठिकाणचं एमए आणि पक्कं गणित-संख्याशास्त्र लागतं. पुण्यातच १९३० साली स्थापन झालेली गोखले इन्स्टिट्यूट आहे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश देते. बीएच्या दुसऱ्या वर्षापासून तिने त्या प्रवेश परीक्षांची तयारी धरावी आणि जोडविषय म्हणून संख्याशास्त्र किंवा गणित मिळतं का ते बघूनच कॉलेज निवडावं.

"सायन्सच हवं तर निदान बीएस्सी तरी" असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलंय. फिजिक्सच्या बीएस्सीचा खर्च आणि नोकरीचं चित्र बीएसारखंच आहे, पुढे एमएस्सी करावंच लागतं. केवळ नावाला सायन्स म्हणून ते करू नये.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, चुकलो असं होईल का याचं, उत्तर कुठलाही सल्लागार देऊ शकत नाही. पण तुम्ही घर तारण न ठेवता, धाकट्याचे पैसे न तोडता आणि तुमच्या निवृत्तीला हात न लावता मुलीला सहा वर्षं शिकवू शकता, एवढं आकडे सांगतात.

या आठवड्यात दोन कामं करा. ज्या कॉलेजांत बीएचा अर्ज केला आहे तिथे फोन करून हॉस्टेलची यादी कधी लागते आणि त्याचे पैसे कॉलेजच्या पावतीवर येतात का, ते विचारा. आणि रविवारी दुकान बंद झालं की चौघंही बसा. पाटीवर नको, वहीत सहा वर्षांचे सहा रकाने आखा आणि वही मुलीच्या हातात द्या. पहिल्या चारांतले आकडे तुम्ही सांगा. पाचवा आणि सहावा तिला स्वतःच्या हाताने भरू दे, कुठल्या संस्थेत, किती फी, आणि ती जागा मिळाली नाही तर काय. तो कागद मला पाठवा, मी तपासून देतो.