आधी निर्णय, मग कॉलम

द्राक्षाच्या औषधांच्या दुकानासाठी तू बनवलेली गिऱ्हाईक शेतकऱ्यांची एक्सेल शीट, काल पाठवलेली, रात्री दोनदा बघितली. 37 कॉलम. शेतकऱ्याचा वाढदिवस, आधार नंबर, मुलं किती, गाडी कुठली, आणि खाली तुझा मेसेज, काका अजून काय ॲड करू? अगं, अजून कशाला? यातला कुठला आकडा बघून तू उद्या दुकानात काही वेगळं करणारेस ते सांग. उत्तर येत नसेल तर तो कॉलम काढ.

तुझा गोंधळ कळतो मला. सॉफ्टवेअरवाला येतो, रंगीत ग्राफ दाखवतो आणि वाटायला लागतं आपणच मागे पडलो. नाशिकच्या सातपूरला माझं जॉबवर्कचं, दुसऱ्यांचे पार्ट बनवून द्यायचं वर्कशॉप होतं तेव्हा मशीन किती तास चाललं, कोण किती वाजता आलं, वीज किती जळाली, दर शिफ्टला लिहून घ्यायचो, कपाट भरलं रजिस्टरांनी. पीस रिजेक्ट झाला की मात्र नुसती संख्या. टूल झिजलं होतं, मटेरियल कडक आलं होतं की सेटिंग हललं, कोणी लिहिलं नाही कारण मी कधी विचारलंच नाही. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने विचारलं रिजेक्शन का वाढलं, तर माझ्याकडे दाखवायला तासांचे आकडे. ते काम गेलं. ते अजून मनाला लागतं. मग रिजेक्शनचं एक रजिस्टर ठेवलं, त्यात कारणाचा कॉलम टाकला आणि बाकी सगळी बंद केली. भागीदार म्हणाला हट्टीपणा आहे. असेल. मी आजही तेच करीन, फक्त पाच वर्षं आधी.

2010 चं पप्पांना विचार. क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. निर्यातीच्या मालाची तपासणी तेव्हाही लॅबमध्ये व्हायची, पण आपल्या तपासायच्या यादीत ते नव्हतं. बाकी रिपोर्ट कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

आता तुझं दुकान घे. तुला ठरवायचंय काय? कुठलं औषध कधी आणि किती भरायचं, आणि उधारी कोणाला किती द्यायची. बस. मग प्रत्येक प्लॉटची गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तारीख लिही. डाऊनीची, म्हणजे केवडा रोगाची, औषधं कधी लागणार, मणी फुगवायचं जीए (जिबरेलिक ॲसिड) कधी लागणार, हे छाटणीपासूनच्या दिवसांवर ठरतं, आणि त्यात पाऊस आला की डाऊनीची मागणी एकदम चढते. ही एक तारीख तुझ्या त्या 37 मध्ये नाहीये! वाढदिवस आहे, छाटणी नाही. मला खरंच राग आला.

अजून एक, आणि हे कुठलंच बिलिंग सॉफ्टवेअर आपणहून सांगणार नाही. गिऱ्हाईकाने मागितलं आणि तू "नाहीये" म्हणालीस, ते लिही. बिलात फक्त विकलेलं दिसतं, परत गेलेला माणूस दिसत नाही. गल्ल्याजवळ एक साधी वही ठेव, तारीख आणि औषधाचं नाव, दोनच रकाने. एका सीझनमध्ये कळेल कशासाठी माणूस शेजारच्या दुकानात जातो.

आधारचं तर आजच काढून टाक. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा हेच म्हणतो, ज्या कामासाठी माहिती मागितली त्याला लागेल तेवढीच घ्या. आणि कायदा नसता तरी, लोक तुझ्या पप्पांच्या तोंडाकडे बघून नंबर देतात गं, तो विश्वास एक्सेलमध्ये ओतून पेनड्राईव्हवर फिरवायचा नसतो.

वैतागून लिहिलंय, पण तुझ्यावर नाही. तू निदान विचारलंस, मी तुझ्या वयात कोणालाच विचारलं नव्हतं. रविवारी पिंपळगावला येतोय. पप्पांची गेल्या दोन सीझनची उधारीची वही काढून ठेव, लॅपटॉप नंतर उघडू. कोणाचे पैसे द्राक्षं विकली गेल्यावर लगेच आले आणि कोणाचे पुढच्या छाटणीपर्यंत अडकले, एवढंच आधी बघू.